डायसल्फिराम २५०: गोळी तीच, फरक देणाऱ्या हाताचा

मेडिकलच्या काउंटरवर हळू आवाजात ‘दारू सोडवायची गोळी आहे का?’ असं कुणी विचारतं, तेव्हा त्याच्या मनात बहुधा डायसल्फिरामच असते. एस्पेराल, अँटाडिक्ट, डायझोन अशा नावांनी ती मिळते. पट्टीवरचं नाव बदललं तरी आतलं औषध तेच. नेहमीची ताकद २५० मिलीग्रॅम, आणि एका क्वार्टरच्या पैशांपुढे गोळीची किंमत किरकोळ. चिठ्ठीवरचं औषध आहे, ते चिठ्ठीवरच घ्यावं.

हिच्याबद्दल लोकांकडून तीन गोष्टी ऐकू येतात. ‘भावजींची सुटली, जादू आहे.’ ‘काही होत नाही हो, गोळी घेऊनही पितोच.’ आणि ‘अमक्याला आयसीयूत न्यावं लागलं.’ तिन्ही खऱ्या असतात आणि तिन्हींत गोळी तीच असते. म्हणून या औषधाचं परीक्षण करायचं तर नुसती गोळी पाहून भागत नाही. ती कोण देतं, कशी देतं आणि कोणाला विचारून देतं, हेही पाहावं लागतं.

आधी गोळीचं काम. दारू पोटात गेली की यकृत तिचं ॲसिटाल्डिहाइड करतं आणि लगोलग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. या दुसऱ्या पायरीवरचं एन्झाइम, म्हणजे हा बदल घडवून आणणारं प्रथिन, डायसल्फिराम निकामी करून टाकते. निकामी झालेलं एन्झाइम पुन्हा जागं होत नाही, शरीराला ते नव्याने बनवावं लागतं आणि त्याला एक-दोन आठवडे जातात. या काळात दारू प्यायली तर ॲसिटाल्डिहाइड नेहमीच्या पाच ते दहा पट साठतं. हँगओव्हरमध्ये जे विष थोडं थोडं छळतं, ते इथे एकदम अंगावर येतं.

पहिल्या घोटानंतर साधारण दहा मिनिटांत चेहरा, कान, मान आणि छातीचा वरचा भाग लालबुंद होतो, डोळे तांबारतात. कानशिलं ठोके मोजता येतील इतकी ठणकतात. घाम फुटतो, छातीत धडधडतं, श्वास पुरत नाही, मळमळून उलट्या होतात. बीपी उतरल्यामुळे उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. सौम्य असेल तर हे अर्ध्या-एक तासात ओसरतं, जास्त प्यायली असेल तर काही तास चालतं. हृदय आधीच कमकुवत असेल तर ठोके बिघडणं, हार्ट अटॅक, झटके, बेशुद्धी आणि मृत्यूही येऊ शकतो. किती दारूने हे सुरू होतं? रक्तात १०० मिलीमागे ५ ते १० मिलीग्रॅम अल्कोहोल पुरतं. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस व्हायला भारतात ३० मिलीग्रॅमच्या वर लागतं. म्हणजे पोलिसाच्या यंत्राला दिसायच्या कितीतरी आधी शरीर तक्रार करतं.

यात एक गोष्ट निसटते, ती अशी की ही गोळी तलफ मारत नाही. संध्याकाळी साडेसहाला, कामावरून परतताना, नेहमीच्या वळणावर जी ओढ लागते ती गोळी घेऊनही तशीच लागते. गोळीचा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. एरवी ‘प्यायची की नाही’ हा प्रश्न माणसाला दिवसातून पन्नास वेळा सोडवावा लागतो. सकाळी गोळी घेतली की त्या दिवसापुरता आणि पुढच्या काही दिवसांपुरता तो सुटलेला असतो. सकाळी डोकं ताळ्यावर असताना एकदा घेतलेला निर्णय संध्याकाळी मोडता येत नाही. डायसल्फिरामची सगळी ताकद एवढ्यातच आहे.

म्हणूनच अभ्यासांचे निष्कर्ष वरवर उलटसुलट दिसतात. हे औषध जुनं आहे. रबर कारखान्यातल्या कामगारांना या जातीच्या रसायनाशी संबंध आल्यावर दारू झेपेनाशी होते, हे १९३७ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने नोंदवलं होतं. पुढे डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोन संशोधक जंतांवरचं औषध म्हणून याच्याकडे पाहत होते. त्यांनी गोळी स्वतः घेऊन पाहिली, पार्टीत पेला उचलला आणि काय होतं ते कळलं. १९४८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, १९५१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मग १९८६ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत ६०५ पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. काहींना २५० मिलीग्रॅम, काहींना नावापुरती १ मिलीग्रॅम, काहींना डायसल्फिराम नाहीच. वर्षभर पूर्ण कोरडं, म्हणजे दारूविना, राहण्यात तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. कारण गोळ्या नेमाने घेणारे होते जेमतेम पाचातला एक. घरी पट्टी देऊन ‘घेत जा’ म्हटलं तर असंच होतं.

याउलट मुंबईत अविनाश डिसूझा आणि ॲलन डिसूझा यांनी १०० पुरुषांचा वर्षभराचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्यांना डायसल्फिराम, निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन हे दारूची ओढ कमी करणारं दुसरं औषध. घरचं माणूस सोबत असणं ही अट होती. वर्षअखेर डायसल्फिरामवाले ८६ टक्के कोरडे राहिले, नाल्ट्रेक्सोनवाले ४४ टक्के. तलफ मात्र नाल्ट्रेक्सोनवाल्यांची कमी होती. या आकड्यांवर आंधळेपणाने भाळू नये, कारण कोण कोणती गोळी घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं. पण या औषधाच्या बाबतीत ते माहीत असणं हाच तर अर्धा उपचार आहे. भीती गोळीच्या नावाची असते. कोणालाच आपली गोळी खरी की खोटी हे कळू न देता अभ्यास केला, तर दोन्ही गटांना सारखीच भीती वाटते आणि फरक पुसला जातो.

तेव्हा आमचं मत सरळ आहे: घरात नेमाने समोर उभं राहून गोळी देणारं माणूस असेल तर डायसल्फिराम फार चांगलं औषध आहे. तसं माणूस नसेल तर पट्टी कपाटात पडून राहते.

समोर उभं राहणं म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून पाहू. वेळ सकाळची, पहिल्या चहाच्या आधीची, रोज तीच. गोळी चमच्याने चुरून पाव ग्लास पाण्यात ढवळायची. ती नीट विरघळत नाही, तळाशी पांढरा गाळ बसतो. म्हणून ढवळत ढवळत प्यायची, मग त्याच ग्लासात पुन्हा पाणी घालून तेही प्यायचं. अख्खी गोळी दिली तर गालात किंवा जिभेखाली धरून मोरीत थुंकता येते, आणि ही युक्ती शिकायला कुणाला शिकवणी लागत नाही. दुसरी युक्ती म्हणजे पट्टीतली गोळी काढून तिच्या जागी तशीच दिसणारी दुसरी ठेवणं. म्हणून पट्टी देणाऱ्याकडे असावी, गोळी त्याच्यासमोर फोडावी. गोळी प्यायल्यावर दोन-चार मिनिटं इकडचं तिकडचं बोलावं. तेवढ्यात तोंडातलं खाली उतरतं, आणि चौकीवर हजेरी दिल्यासारखंही वाटत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला खूण करावी.

बोलायचं काय, हेही आधी ठरवून घेतलेलं बरं. घेणाऱ्याने एवढंच म्हणावं, ‘आजची घेतली.’ देणाऱ्याने म्हणावं, ‘बरं वाटलं.’ काल रात्री उशीर का झाला, खिशात पाचशे कमी का आहेत, हे प्रश्न या पाच मिनिटांत नकोत. घरोघरी गोळी बंद पडते ती इथेच. गोळीच्या निमित्ताने जुनी उणीदुणी निघतात, भांडण होतं, ‘तू काय माझी पोलीस आहेस का?’ होतं आणि दुसऱ्या दिवशी ग्लास आपटला जातो. नकार आलाच तर वाद घालू नये, जबरदस्ती करू नये. ‘आज घेतली नाही’ अशी खूण करून त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला कळवावं. हे कळवायचं आहे हे दोघांनीही पहिल्याच दिवशी डॉक्टरांसमोर मान्य केलेलं असावं, म्हणजे ते चहाडी ठरत नाही. बायकोने द्यावी असंही काही नाही. नवरा-बायकोत ताण असेल तर आई, मोठा भाऊ, ऑफिसातला भरवशाचा सहकारी, कोणीही चालतं. शाळकरी मुलांवर हे काम मुळीच टाकू नये.

महाराष्ट्रात गोळी चुकण्याचे दिवस पंचांग पाहून सांगता येतात: गटारी, धुळवड, गावची यात्रा, चुलतभावाची हळद, एकतीस डिसेंबर. जाणकार पिणाऱ्याला हेही ठाऊक असतं की गोळीचा असर शेवटच्या डोसनंतर चौदा दिवसांपर्यंत राहू शकतो. त्यामुळे गटारीची तयारी आषाढाच्या दुसऱ्या पंधरवड्यातच सुरू होते. ‘पोटात जळजळतंय, दोन दिवस गोळी नको’ हे वाक्य त्या सुमारास ऐकू आलं तर ते जळजळीबद्दलच आहे असं लगेच धरू नये. पण जळजळ खरीही असू शकते. म्हणून आपणच निवाडा न करता डॉक्टरांना फोन करावा.

सुरुवात करण्याआधीची कामं कंटाळवाणी आहेत आणि त्यांतलं एकही गाळता येत नाही. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास जाण्याआधी पहिली गोळी घ्यायची नाही, हा नियम औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. प्रत्यक्षात बरेच डॉक्टर दारू उतरवण्याचा पहिला टप्पा संपेपर्यंत थांबतात. त्याला कारण आहे. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत हातांना कंप, घाम, फिट्स आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत भास, बडबड, भ्रम असा धोका असतो. डायसल्फिराम यातलं काहीही थांबवत नाही. त्यासाठी वेगळी औषधं आणि थायमिन हे जीवनसत्त्व लागतं. ‘आजपासून गोळी, आजपासून बंद’ असं घरच्या घरी करणं हा सगळ्यांत महागात पडणारा शॉर्टकट आहे.

मग तपासण्या: एलएफटी (यकृताची रक्ततपासणी), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), चाळिशीच्या पुढे असेल तर ईसीजी. गंभीर हृदयविकार, भास होणारा मानसिक आजार आणि गरोदरपण असेल तर ही गोळी नको. सिरॉसिस, फिट्स, मधुमेह, थायरॉइड, मूत्रपिंडाचे विकार यांत डॉक्टर तोलूनमापून ठरवतात. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असेल तर तीही सांगावी, कारण या औषधाचे नातेवाईक रबर बनवताना वापरले जातात. डोस बहुधा २५० मिलीग्रॅम दिवसातून एकदा. काही ठिकाणी पहिले एक-दोन आठवडे ५०० देऊन मग २५० वर आणतात. ५०० च्या वर जात नाहीत. झोप येत असेल तर डॉक्टरांना विचारून रात्री घेता येते, पण मग सकाळचा ताळ्यावरचा निर्णय हातचा जातो आणि गोळी नेमकी तलफेच्या वेळेला भिडते. शक्यतो सकाळच बरी.

पूर्वी गोळी सुरू केल्यावर दवाखान्यातच थोडी व्हिस्की पाजून ‘बघ कसं होतं’ असा नमुना दाखवायची पद्धत होती. आता ती करत नाहीत, आणि घरी तर कोणी करूच नये. तोंडी नीट समजावलं तर भीती पुरेशी बसते. नियमाने गोळी घेणाऱ्या बहुतेकांवर ती रिॲक्शन अनुभवायची वेळच येत नाही.

लपलेली दारू हा वेगळा अध्याय आहे, आणि इथे मराठी घराची गाठ जास्त पडते. ताकदीसाठी आजीने आणलेलं द्राक्षासव, बाळंतिणीसाठी कपाटात असलेलं दशमूलारिष्ट, भूक लागावी म्हणून घेतलेलं कुमारीआसव, ही सगळी आंबवून केलेली औषधं आहेत. त्यांत साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल आपसूक तयार झालेलं असतं आणि बाटलीवर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. २० मिलीचा डोस दिवसातून दोनदा म्हणजे थोडी दारूच. होमिओपॅथीचे थेंब, विशेषतः मदर टिंक्चर, अल्कोहोलमध्येच केलेले असतात. काही खोकल्याची औषधं, काही माउथवॉश यांचंही तेच. लेबल वाचायची सवय लावावी. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे इथे लागू नाही.

खाण्यात घाबरून जायचं कारण नाही. इडली, ढोकळा, ताक, दही यांनी काही होत नाही. रम घातलेला ख्रिसमस केक आणि दारू भरलेली चॉकलेटं मात्र नकोत. गोव्यात जरा विचारून जेवावं. विंदालू, सोरपोतेलमध्ये माडाचं व्हिनेगर असतं, काही घरी वरून फेणीही पडते. सान्ना म्हणजे गोव्याच्या इडलीचं पीठ पारंपरिक पद्धतीने माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर, फुगवतात. वाफवल्यावर त्यात फारसं काही उरत नाही, पण पहिल्या महिन्यात टाळलेलं बरं. नीरा सूर्योदयाआधी उतरवलेली, थंड ठेवलेली आणि ताजी असेल तरच नीरा, दुपारपर्यंत ती ताडीच्या वाटेला लागलेली असते. गोळी चालू असेपर्यंत नीरा केंद्राकडे वळूच नये.

त्वचेवरून आणि श्वासातूनही थोडं आत जातं. आफ्टरशेव्ह भरपूर थापणं, बंद खोलीत स्प्रे मारणं, सॅनिटायझरने पुन्हा पुन्हा हात चोळणं यांनी काहींना चेहरा तापतो, डोकं दुखतं. जास्त जपावं लागतं ते फर्निचर पॉलिश करणाऱ्या कारागिरांना. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या पॉलिशची वाफ बंद खोलीत दिवसभर नाकात जाते. काम बदलता येत नसेल तर निदान हे डॉक्टरांना आधी सांगावं.

इतर औषधांपैकी एक नाव पाठ करून ठेवावं: मेट्रोनिडाझोल. जुलाबाला, दातदुखीला, आपल्याकडे सर्रास दिलं जातं. डायसल्फिरामबरोबर घेतलं तर भ्रम, संशय, वेडसर वागणं असं होऊ शकतं. टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड बरोबर असेल तर तोल जाणं आणि वागण्यात बदल दिसू शकतो. आपल्याकडे टीबी आणि दारू दोन्ही एकाच घरात पुष्कळदा भेटतात, म्हणून टीबीच्या औषधांची चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायलाच हवी. फिट्ससाठीचं फेनिटॉइन आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. झोपेसाठीचं डायझेपाम जास्त वेळ अंगात रेंगाळतं आणि गुंगी वाढते.

गोळीचे स्वतःचे त्रास असे: पहिल्या काही आठवड्यांत सुस्ती, डोकेदुखी, तोंडाला धातूची किंवा लसणासारखी चव, अंगावर पुरळ. हे बहुधा आपोआप कमी होतात. तोंडाच्या वासाची तक्रार घरचे जास्त करतात, आणि गंमत म्हणजे त्याच वासावरून गोळी पोटात गेल्याची खात्रीही पटते. काही महिन्यांनी तळपायांना मुंग्या, जळजळ सुरू झाली तर ती नसांची तक्रार आहे. ‘दारूनेच झालं असेल’ म्हणून सोडून देऊ नये. नजर धूसर वाटली तर तातडीने दाखवावं. क्वचित भास, संशय, झोप उडणं असं होतं. हे औषध मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं गणितही थोडं हलवतं म्हणून.

खरी धास्ती यकृताची. साधारण २५ ते ३० हजार रुग्णांत वर्षाला एखाद्याला गंभीर कावीळ होते. प्रमाण कमी आहे, पण झाली तर जिवावर बेतते आणि ती बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होते. म्हणून गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी एलएफटी, मग पहिले तीन महिने दर महिन्याला. भूक मेली, थकवा आला, लघवी चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्या दिवसाची गोळी न घेता त्याच दिवशी रक्त तपासावं. इथे एक घोटाळा नेहमी होतो. माणूस थकलेला, न जेवणारा दिसला की घरच्यांना वाटतं, हा चोरून पितोय, आणि गोळी जास्त काटेकोरपणे दिली जाते. संशय आला की आधी रिपोर्ट, मग आरोप.

आणि प्यायलीच तर? आडवं झोपवा, पाय उशीवर उंच करा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. मुद्दाम उलटी काढायला लावू नका. लिंबूपाणी, ताक, कांद्याचा रस यांनी काही उतरत नाही, घरात याला उतारा नाही. नुसता चेहरा लाल आणि डोकं दुखत असेल तरी डॉक्टरांना फोन करावा. छातीत दुखणं, श्वास लागणं, चक्कर येऊन पडणं, बरळणं यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावं. तिथे पहिलं वाक्य असावं: ‘डायसल्फिराम चालू आहे आणि दारू प्यायली आहे.’ घरचे लाजेपोटी दारूचं सांगत नाहीत, पेशंट गोळीचं सांगत नाही, आणि डॉक्टर नुसत्या पडलेल्या बीपीचं कोडं सोडवत बसतात. ‘मी डायसल्फिराम घेतो’ असं लिहिलेली, डॉक्टरांच्या नंबरची चिठ्ठी पाकिटात आधार कार्डाच्या मागे कायम असावी. भूल द्यायची वेळ आली तरी तिचा उपयोग होतो.

गोळी घेऊनही प्यायला आणि काहीच झालं नाही, असंही घडतं. तेव्हा आधी गोळी खरंच पोटात गेली होती का ते तपासावं. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. काहींना मात्र २५० खरोखरच पुरत नाही, डोस वाढवायचा की औषध बदलायचं हे डॉक्टर ठरवतात. घरच्यांनी आपल्या मनाने दोन गोळ्या द्यायच्या नाहीत.

आता ज्याबद्दल काउंटरवर सगळ्यांत जास्त विचारणा होते ते: त्याला न कळता देता येईल का? वरणात, चहात, कणकेत? नाही. यात सवलत नाही. ज्याला ठाऊकच नाही तो संध्याकाळी नेहमीसारखी नाइंटी मारणार, त्यावर दुसरी घेणार आणि चक्कर आली की ‘आज देशीच खराब होती’ म्हणणार. त्याच्या हृदयाचं, यकृताचं काही तपासलेलं नसतं. रुग्णालयात नेलं तर तिथेही सांगायला कुणी धजावत नाही. आणि भीतीने थांबणं हा जो या औषधाचा सगळा गाभा, तो इथे मुळातच गायब असतो. ज्याला गोळी घेतल्याचं ठाऊक नाही तो थांबणार कशाला? कळलं की मात्र घरातला उरलासुरला विश्वास जातो आणि पुढे तो घरचं पाणीही वास घेऊन पितो. लोकलच्या डब्यात आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशा पावडरीच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. आत काय आहे हे पाकिटावर धड लिहिलेलं नसेल तर ती घरात आणू नये. स्वयंपाकघर हे औषध देण्याचं ठिकाण नव्हे.

ज्यांच्यासाठी ही गोळी नाही त्यांच्यापुढे दोन रस्ते आहेत, आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तेच आधी येतात. नाल्ट्रेक्सोन ५० मिलीग्रॅम, दिवसातून एकदा: दारूची मजा आणि ओढ कमी करते, पिणं पूर्ण थांबलेलं नसलं तरी सुरू करता येते. मात्र ट्रामाडोल, कोडीन यांसारखी अफूच्या जातीची वेदनाशामकं चालू असतील तर चालत नाही. अकाम्प्रोसेट ३३३ मिलीग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा. यकृत खराब असलेल्यांना ही सोयीची, पण मूत्रपिंड ठीक हवं. दिवसाला सहा गोळ्या लक्षात ठेवणं हाच हिचा मोठा दोष, आणि सुरुवातीला जुलाब होतात. या दोन्हींवर दारू प्यायली तर डायसल्फिरामसारखी रिॲक्शन येत नाही. एकटं राहणाऱ्याला, हृदयविकार असलेल्याला, ‘कमी करायची आहे, सोडायची नाही’ म्हणणाऱ्याला डायसल्फिराम देऊ नये.

ज्याने पूर्ण सोडायचं मनाशी ठरवलंय, ज्याचं शरीर तपासून धडधाकट निघालंय, घरी रोज ग्लास हातात देणारं माणूस आहे आणि जो आठवड्याला गटात किंवा समुपदेशकाकडे जातोय, त्याच्यासाठी मात्र हिच्याइतकं स्वस्त आणि ठाम औषध दुसरं नाही. गट हवाच. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभा महाराष्ट्रात बऱ्याच शहरांत मराठीतून होतात, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, आणि केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ फुकट आहे. गोळीने मिळतात ते कोरडे महिने. त्या महिन्यांत संध्याकाळ कशी घालवायची, पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने घरी यायचं, लग्नाच्या वरातीत कुणाशेजारी उभं राहायचं, हे सगळं दुसरीकडे शिकावं लागतं.

किती दिवस घ्यायची? बहुधा सहा महिने ते वर्ष, काहींना त्याहून जास्त. हिची सवय लागत नाही, त्यामुळे हळूहळू कमी करण्याची गरज नसते. पण बंद करायची तारीख डॉक्टर, घेणारा आणि देणारा तिघांनी मिळून ठरवावी, आणि ती दिवाळीच्या किंवा एकतीस डिसेंबरच्या तोंडावर नसावी. शेवटच्या गोळीनंतरचे चौदा दिवसही कॅलेंडरवर मोजावेत, कारण त्या दिवसांत घेतलेला पेग गोळी चालू असल्यासारखाच अंगावर येऊ शकतो. दहा-बारा गोळ्यांची पट्टी उरली तर ती मेडिकलवाल्याला परत द्यावी किंवा मोडून टाकावी. शेजारच्या वहिनींनी कितीही अजिजीने मागितली तरी त्यांना देऊ नये. त्यांच्या घरातल्या माणसाचा ना ईसीजी झालेला असतो, ना एलएफटी, ना त्याला कुणी विचारलेलं असतं.